सोपवता येईल असे सेवाकार्य

गेली बरीच वर्षे सोलापुरातील लहानमोठ्या ख्रिस्ती संस्थांचे हिशेब पाहण्याचे काम माझ्याकडे येत आले आहे. बँकेतील नोकरीमुळे जमाखर्चाची सवय होती, मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, खजिनदारपद सांभाळले होते, त्यामुळे कोणी नवे सेवाकार्य सुरू करायचे म्हटले की पाळकसाहेब त्याला माझ्याकडे पाठवतात. येणारी माणसे बहुधा तरुण असतात. त्यांच्याजवळ पाचारणाची, म्हणजे देवाने बोलावल्याची, साक्ष असते, तळमळ असते, संस्थेचे नाव ठरलेले असते आणि पुष्कळदा लेटरहेडही छापून झालेले असते. नोंदणी कशी करायची, एवढेच त्यांना विचारायचे असते. नोंदणीविषयी मला जे ठाऊक आहे ते मी सांगतोच; परंतु त्याआधी मी त्यांना विचारतो, की उद्या तुम्हाला सोलापूर सोडून जावे लागले, तर हे काम कोण करील?

पुष्कळांना हा प्रश्न अवेळी वाटतो, आणि ते साहजिक आहे, कारण ज्याचा अजून आरंभ झालेला नाही ते सोडण्याचा विचार कोणाच्या मनात येणार? पण माझे निरीक्षण असे आहे, की काम दुसऱ्याच्या हाती देता येईल की नाही हे पहिल्या काही महिन्यांतच ठरून जाते. सभा कोणाच्या घरी भरते, दानपेटीची किल्ली कोणाकडे असते, आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेला कोण जाते, देणगी कोणाच्या खात्यात जमा होते, या साध्या गोष्टींची जी सवय लागते तीच पुढे संस्थेचा स्वभाव बनते. वीस वर्षांनी ती सवय मोडायला गेले की मने दुखावतात, मंडळी फुटते आणि भावाभावांची प्रकरणे न्यायालयात जातात. असे घडलेले मी जवळून पाहिले आहे, आणि ज्यांच्या बाबतीत ते घडले ती माणसे वाईट नव्हती. प्रभूवर त्यांचे मनापासून प्रेम होते.

पवित्र शास्त्रात काम उभे करणाऱ्या माणसाचे सर्वांत तपशीलवार वर्णन मला नहेम्याच्या पुस्तकात सापडते. आपल्याकडे त्या पुस्तकावर प्रवचने पुष्कळ होतात, पण ती बहुतेक बावन्न दिवसांत तट पूर्ण झाला या गोष्टीवर होतात. बावन्न दिवसांच्या आधी काय झाले याकडे नव्या सेवकांनी अधिक लक्ष द्यावे. यरुशलेमेचा तट पडल्याची बातमी पारसाच्या राजाच्या चाकरीत असलेल्या नहेम्याला किसलेव महिन्यात मिळाली आणि राजापुढे विषय निघाला तो निसान महिन्यात. म्हणजे मधले सुमारे चार महिने रडणे, उपास आणि प्रार्थना यांत गेले. यरुशलेमेत पोहोचल्यावरही तो तीन दिवस काहीच बोलला नाही. मग रात्री थोड्या माणसांना बरोबर घेऊन त्याने पडक्या वेशी स्वतः फिरून पाहिल्या, आणि देवाने आपल्या मनात काय घातले आहे हे कोणालाही सांगितले नाही. ज्याच्याजवळ राजाची पत्रे होती, लाकडाची परवानगी होती, घोडेस्वार होते, त्यानेही आधी जाऊन पाहिले.

त्याच पुस्तकाचा तिसरा अध्याय आपण सहसा वाचनात गाळतो, कारण तो केवळ नावांची यादी आहे. अमक्याने अमुक वेस बांधली, त्याच्या शेजारी तमक्याने डागडुजी केली, असे शेवटपर्यंत चालते. त्यात याजक आहेत, सोनार आहेत, अत्तर बनवणारे आहेत, शल्लूम आणि त्याच्या मुली आहेत, आणि कित्येकांनी आपापल्या घरासमोरचाच तट बांधलेला आहे. तकोवातल्या थोरामोठ्यांनी कामाला मान लवली नाही, हेही स्पष्ट लिहिले आहे. या संपूर्ण यादीत सेवाकार्याच्या प्रमुखाचे नाव नाही. तिथे एक नहेम्या भेटतो, पण तो अजबूकाचा पुत्र, दुसराच माणूस. नव्या संस्थेचे माहितीपत्रक छापणाऱ्या प्रत्येकाने आधी हा अध्याय मोठ्याने वाचावा, अशी माझी मनापासूनची विनंती असते.

सोलापुरात ‘आधी जाऊन पाहणे’ म्हणजे काय, हे थोडे सविस्तर सांगायला हवे. हे शहर एका भाषेचे नाही. मराठीबरोबर इथे कानडी, तेलुगू आणि उर्दू घराघरांत बोलल्या जातात, आणि एकाच गल्लीत तिन्ही-चारही ऐकू येतात. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू या गिरण्यांवर ज्यांचे संसार उभे होते, त्यांच्या घरांत गिरण्या बंद पडल्याची जखम आजही आहे. नातवंडे पुण्याला नोकरीला गेली तरी ती भरून आलेली नाही. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत यंत्रमागावर काम करणारा तरुण रात्रपाळी करून सकाळी झोपतो, आणि त्याच सकाळी आपण रविवारची उपासना ठेवतो. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, आणि ज्या दिवशी ते येते त्या वेळेला घरातली बाई प्रार्थनासभेला येऊ शकत नाही; तिची श्रद्धा कमी झाली म्हणून नव्हे, तर पुढच्या चार दिवसांचे पाणी भरायचे असते म्हणून. हे ज्याला ठाऊक नाही, तो गैरहजेरीवर प्रवचन करतो. ज्याला ठाऊक आहे, तो सभेची वेळ बदलतो.

पूर्व भागात विडी वळणाऱ्या स्त्रियांमध्ये काम करणाऱ्या एका सेविकेचे उदाहरण मी अनेकांना सांगतो. त्या आमच्या मंडळीतल्या, मराठी घरातल्या; तेलुगू त्यांना जेमतेम समजत असे. सुरुवातीला त्यांनी सभा ठेवली नाही, गीतपुस्तकही काढले नाही. दुपारच्या वेळी त्या एका अक्कांच्या ओसरीवर जाऊन बसत. समोर सूप, त्यात ओलसर तेंदूपाने; पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचे, दोऱ्याने बांधायचे. या बाई पाने कापून देत आणि ऐकत बसत. ऐकता ऐकता त्यांच्या लक्षात आले, की या घरांतल्या विधवांची खरी अडचण वेगळीच आहे. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज कोणाकडे करायचा, उत्पन्नाचा दाखला कुठे मिळतो, भविष्यनिर्वाह निधीच्या कागदावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही म्हणून अडलेले पैसे कसे सोडवायचे, हे सांगणारे त्यांच्याजवळ कोणी नव्हते. बाईंनी ते शिकून घेतले, आणि पुढे जे केले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते: त्याच गल्लीतल्या बारावी झालेल्या दोन मुलींना त्यांनी अर्ज भरायला शिकवले. प्रत्येक अर्जाची नोंद एका जाड वहीत मुलीच करू लागल्या. प्रार्थना त्या ओसरीवर पुढे सुरू झाली. ती अक्कांनी स्वतःहून मागितली, तेलुगूतच होऊ लागली आणि बाईंच्या घरी ती कधीच भरली नाही.

काही काळाने पतीच्या बदलीमुळे बाईंना सोलापूर सोडावे लागले. निरोपाच्या दिवशी स्त्रिया रडल्या, आणि पुढच्या आठवड्यात ठरलेल्या वेळी ओसरीवर जमल्या. वही मुलींकडे होती, गीते अक्कांना पाठ होती, आणि कोणत्या कचेरीत कोणत्या टेबलावर जायचे हे आता निम्म्या गल्लीला ठाऊक झाले होते. आज कुंभारीकडच्या वसाहतीत राहायला गेलेल्या दोन-तीन कुटुंबांनी तिकडेही असाच गट चालवला आहे. त्या कामाला नाव नाही, फलक नाही, आणि नोंदणीची गरज पडावी इतका पैसाही त्यात नाही. नव्याने येणाऱ्या तरुणांना मी हे सांगतो तेव्हा काहींना ते फार लहान वाटते. मला ते लहान वाटत नाही.

दुसरी गोष्ट पाठवण्याविषयी. ‘प्रभूने मला पाठवले आहे’ हे वाक्य खरे असू शकते, आणि ते बोलणाऱ्यावर अविश्वास दाखवण्याचा मला अधिकार नाही. पण प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायात पवित्र आत्मा जेव्हा बर्णबा व शौल यांना वेगळे करायला सांगतो, तेव्हा तो ते अंत्युखियाच्या मंडळीला सांगतो, आणि ती मंडळी उपास व प्रार्थना करून, हात ठेवून त्यांना पाठवते. त्याआधी या दोघांनी त्याच मंडळीत वर्षभर शिक्षण दिले होते आणि दुष्काळाच्या वेळी त्याच मंडळीचे दान यहूदियातील बंधूंना नेऊन पोहोचवले होते. म्हणजे शिकवण्यात आणि पैशात, दोन्हींत ते पारखले गेले होते. प्रवास संपल्यावर ते अंत्युखियाला परतले आणि देवाने काय काय केले हे त्यांनी मंडळीला एकत्र करून सांगितले. ज्याला कोणी पाठवलेले नाही त्याला परत येऊन कोणाला सांगायचे नसते, आणि माझ्या मते एकट्याने सुरू केलेल्या सेवाकार्यांचा सगळ्यात मोठा धोका इथेच आहे.

यावर तरुण म्हणतात, की आमच्या मंडळीतले वडीलजन नव्या कामाला कधीच होकार देत नाहीत. ही तक्रार पुष्कळदा खरी असते, आणि पंचकमिटीत बसणाऱ्या माझ्यासारख्या वयस्क माणसांनी ती ऐकून घेतली पाहिजे. तरीही माझा सल्ला असतो, की संपूर्ण मंडळी होकार देत नसेल तर तुम्हाला ओळखणारी, तुमच्याशी मतभेद दाखवू शकणारी तीन-चार प्रौढ माणसे शोधा, आणि त्यांना सहा महिने तुमच्याबरोबर प्रार्थना करायला सांगा. त्यांच्यापैकी निदान एक स्त्री असावी, आणि निदान एक जण तुमच्या नात्यातला नसावा.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायातील प्रसंग तर सोलापूरसाठीच लिहिला आहे की काय, असे मला वाटते. रोजच्या वाटपात हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या, यहूदी विधवांची उपेक्षा होते अशी कुरकुर उठली. प्रेषितांनी ती दाबून टाकली नाही, आणि आम्ही स्वतः जास्त लक्ष घालू असेही म्हटले नाही. सात जण निवडण्याचे काम त्यांनी शिष्यांच्या समुदायावर सोपवले. निवडलेल्यांची नावे पाहा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकान, तिमोन, पार्मिना आणि निकलाव. ही सगळी ग्रीक नावे आहेत, आणि निकलाव तर अंत्युखियाचा यहूदी मतानुसारी, म्हणजे जन्माने परकाच. ज्यांची उपेक्षा झाली होती त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटपाची सगळी व्यवस्था दिली गेली. आपल्या शहरात मराठी बोलणारे नेतृत्व आणि तेलुगू किंवा कानडी बोलणारी मंडळी, अशी रचना असलेली सेवाकार्ये मी पाहतो. तिथे दुभाषी ठेवला की प्रश्न सुटला असे मानले जाते. पण विश्वस्तांच्या यादीत त्या भाषेचा एकही माणूस नसतो, आणि असला तरी चेकवर सही करण्याचा अधिकार त्याला नसतो.

महाराष्ट्रातील दोन थोर उदाहरणे या संदर्भात माझ्या मनात नेहमी शेजारी शेजारी उभी राहतात. रेल्वेने सोलापूरहून पुण्याकडे जाताना दौंडनंतर केडगाव लागते. तिथले पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आज शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदतीचे वचन दिले होते. ही मुदत रमाबाई विसरल्या नाहीत. परदेशी मदत कायम राहणार नाही हे जाणून त्यांनी केडगावला जमीन घेतली, आणि 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या तेव्हा त्यांना ठेवायला जागा होती. तिथे मुली शेती, विणकाम, तेलघाणा, छपाई अशी कामे शिकल्या. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराचे खिळे जुळवण्याचे कामही केडगावच्या स्त्रियांनीच केले. त्यांची एकुलती कन्या मनोरमाबाई कामाची जबाबदारी वाहत होती. ती 1921 मध्ये गेली आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईही गेल्या. नऊ-दहा महिन्यांच्या आत आई आणि मुलगी दोघी गेल्यावरही संस्था बंद पडली नाही, याचे कारण दैनंदिन काम करणाऱ्या शेकडो हातांना ते काम येत होते.

दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. 1895 मध्ये बाप्तिस्मा, 1904 मध्ये पाळकपदाची दीक्षा, अहमदनगरला मिशनची सेवा, आणि मग 1917 मध्ये पगार सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’. ख्रिस्ताची भक्ती या मातीच्या रीतीने व्हावी, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले भक्त एकत्र बसावेत, भजन-कीर्तनाने उपासना व्हावी, ही त्यांची दृष्टी इतकी दूरची होती, की आज शतकानंतरही आपण तिच्यापर्यंत पोहोचलेलो नाही. पण 9 मे 1919 रोजी त्यांचे निधन झाले. दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली होती, आणि त्यांच्यामागे संस्था म्हणून तो फार टिकला नाही. टिळकांना दोष देण्याची माझी पात्रता नाही आणि इच्छाही नाही; त्यांना वेळच मिळाला नाही. आणि हेही विसरता येत नाही, की सोलापूर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत आजही त्यांची पदे तोंडपाठ म्हटली जातात, म्हणजे जे त्यांनी लोकांच्या तोंडी दिले ते जिवंत राहिले. जे त्यांच्या व्यक्तिमत्त्वाभोवती उभे होते ते त्यांच्याबरोबर गेले. नव्या सेवकाने आपल्या कामातील प्रत्येक गोष्टीकडे या दृष्टीने पाहावे, असे मला वाटते.

आता पैशाविषयी, कारण माझ्याकडे लोक येतात ते मुख्यतः त्यासाठी. आजकाल उपासनेच्या ठिकाणी क्यूआर कोडचा कागद चिकटवलेला असतो. तो कोणाच्या खात्याचा आहे, हे मी पहिल्यांदा पाहतो. तो पाळकांच्या किंवा त्यांच्या पत्नीच्या खासगी खात्याचा असेल, तर त्या दिवसापासून प्रभूचे दान आणि घरातला किराणा एकाच पासबुकात मिसळतो. हेतू कितीही शुद्ध असला तरी दोन वर्षांनी कोणी विचारले, तर वेगळे काढून दाखवता येत नाही. पौलाने यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो सांगतो, की तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक बंधूही पाठवत आहोत, म्हणजे या रकमेच्या व्यवस्थेबद्दल आम्हाला कोणी दोष लावू नये. आणि जे प्रभूच्या दृष्टीने चांगले तेच नाही, तर माणसांच्या दृष्टीनेही जे चांगले ते करण्याची आम्ही काळजी घेतो. पौलासारख्या प्रेषिताला ही काळजी घ्यावीशी वाटली. आपण तर घेतलीच पाहिजे.

म्हणून नोंदणीच्या आधीपासून पावतीपुस्तक, रोजकीर्द आणि व्हाउचरची फाइल ठेवावी. दान मोजताना दोघे असावेत आणि ते एका घरातले नसावेत. मोजलेल्या रकमेवर दोघांच्या सह्या व्हाव्यात आणि ती रक्कम पुढच्या रविवारी मंडळीसमोर वाचून दाखवावी. नोंदणी करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली धर्मादाय कार्यालयात करावी लागते. 1860 च्या कायद्याखाली सोसायटी म्हणून नोंदवलेल्या संस्थेलाही आपल्या राज्यात या अधिनियमाखाली नोंदणी घ्यावी लागते. दरवर्षी लेखापरीक्षण करून हिशेब सादर करायचे असतात. विश्वस्त बदलला तर कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. अनेक ख्रिस्ती संस्थांत हा अर्ज वर्षानुवर्षे दिलेला नसतो. कागदोपत्री विश्वस्त असलेली माणसे केव्हाच प्रभूमध्ये निजलेली असतात आणि प्रत्यक्ष काम पाहणाऱ्यांना कायद्याने काहीच अधिकार नसतो. मग संस्थेची जागा विकण्याचा प्रश्न येतो, कलम 36 खाली पूर्वपरवानगी लागते, आणि ती मागायला कायदेशीर विश्वस्त कोण याच मुद्द्यावर सगळे अडते.

परदेशी मदतीच्या आशेने काम सुरू करणाऱ्यांना मी स्पष्ट सांगतो, की तो रस्ता आता आरंभीच्या संस्थेसाठी जवळजवळ नाहीच. एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी मिळण्यासाठी संस्था निदान तीन वर्षे चालू असावी लागते आणि त्या काळात तिने आपल्या उद्दिष्टांवर 15 लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. 2020 च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम केवळ स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यात स्वीकारता येते, एका संस्थेने दुसरीला पुढे देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांपेक्षा जास्त करता येत नाही. मला यात निराश होण्यासारखे काही दिसत नाही. विडी वळणाऱ्या बाईने पदराच्या गाठीतून काढून दिलेल्या वीस रुपयांवर जे काम चालते, त्याला ती आपले काम मानते आणि त्याच्याविषयी प्रश्नही विचारते. दूरच्या दात्याला अहवाल आणि छायाचित्रे पाठवली की भागते. समोर बसलेल्या दात्याला उत्तर द्यावे लागते.

गरिबांना मदत करताना प्रार्थनेची किंवा सभेच्या हजेरीची अट कधीही घालू नये. धान्याची पिशवी देण्याआधी प्रवचन ऐकायला बसवणे मला ख्रिस्ताच्या वागण्याशी विसंगत वाटते. त्याने दहा कुष्ठरोगी बरे केले आणि परत आला तो एकच, तरी उरलेल्या नवांचे बरे होणे त्याने काढून घेतले नाही. शेजारच्या हिंदू आणि मुसलमान बांधवांना आपण काय करतो हे उघड दिसावे, त्यांनी केव्हाही येऊन पाहावे, इतके काम मोकळे असावे.

मुलांमध्ये काम करू इच्छिणाऱ्यांशी मी सर्वांत जास्त वेळ बोलतो. ‘दहा-बारा अनाथ मुले घरी ठेवून सांभाळतो’ असे पुष्कळ जण उत्साहाने म्हणतात. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 41 प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणारी प्रत्येक संस्था नोंदलेली असावी लागते. न नोंदवता चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापेक्षा कमी नाही इतका दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मूल बाल कल्याण समितीसमोर हजर करावे लागते. ते कोणाच्या सांगण्यावरून गावाहून आणून ठेवता येत नाही. संडे स्कूल किंवा शिकवणी वर्ग चालवणाऱ्यांसाठीही माझे काही ठाम आग्रह आहेत. मुलांबरोबर कोणीही प्रौढ एकटा, बंद खोलीत नसावा. मुलांना घरी सोडायला एकटा माणूस मोटरसायकलवर जाऊ नये. लैंगिक अत्याचाराची शंका जरी आली तरी 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि ‘मंडळीचे नाव खराब होईल, आपसात मिटवू’ असे म्हणणारा वडीलजन त्या पदावर राहण्यास योग्य नाही. इथे मला मवाळ शब्द वापरायचे नाहीत. सेवाकार्य बंद पडले तरी चालेल, मूल सुरक्षित राहिले पाहिजे.

सेवकाच्या घराविषयीही थोडे लिहिले पाहिजे. नवे काम सुरू करणारा नवरा नोकरी सोडतो तेव्हा तो निर्णय बायकोला पुष्कळदा साक्षीच्या सभेतच कळतो. घरभाडे, मुलांची फी, सासूबाईंची औषधे यांचा हिशेब तिलाच करायचा असतो. पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवत होता, आणि इफिसच्या मंडळीच्या वडीलजनांना निरोप देताना त्याने आपले हात दाखवून सांगितले, की माझ्या आणि माझ्या सोबत्यांच्या गरजा या हातांनी भागवल्या. कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे, हेही त्याच्याच पत्रात आहे. दोन्ही वाटा शास्त्राला मान्य आहेत. काम लहान असेपर्यंत नोकरी किंवा धंदा सांभाळून ते करावे. पूर्ण वेळ द्यायची वेळ आली तर वेतन किती, ते कोण ठरवणार आणि आजारपणात काय, हे पती-पत्नी दोघांच्या समक्ष लेखी व्हावे. ‘प्रभू पुरवील’ यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि प्रभू बहुतेक वेळा मंडळीच्या हातून पुरवतो हेही मी पाहिले आहे; मग मंडळीने ती जबाबदारी कागदावर घेण्यास संकोच का करावा?

सोपवण्याच्या प्रश्नाचे व्यवहारातले उत्तर न्यासपत्रात लिहावे लागते, म्हणून मसुदा घेऊन येणाऱ्यांना मी काही कलमे आवर्जून घालायला सांगतो. प्रमुखाची मुदत ठरलेली असावी, साधारण तीन वर्षांची, आणि सलग किती वेळा तीच व्यक्ती राहू शकते यालाही मर्यादा असावी. एका कुटुंबातील दोनपेक्षा अधिक व्यक्ती एकाच वेळी विश्वस्त नसाव्यात. बँकेच्या खात्यावर दोन सह्या असाव्यात आणि त्या पती-पत्नीच्या नसाव्यात. ज्यांच्यामध्ये काम चालते त्या वस्तीतील निदान दोन जण विश्वस्त मंडळावर असावेत, त्यांत एक स्त्री असावी. सभेचे इतिवृत्त सर्वांना समजेल त्या भाषेत वाचून दाखवले जावे. विसर्जनाच्या वेळी मालमत्ता कोणत्या समान उद्देशाच्या संस्थेकडे जाईल हेही लिहावे, कारण ते न लिहिल्यामुळे आयकर सवलतीच्या नोंदणीच्या वेळी अर्ज परत येऊ शकतो. या कलमांवर चर्चा करताना संस्थापकाला कधी कधी वाईट वाटते, ‘माझ्यावर भरवसा नाही का’ असेही तो विचारतो. भरवसा असतो, आणि म्हणूनच मी त्याच्या हयातीत, तो सर्वांना प्रिय असताना, त्याच्याच हाताने ही कलमे लिहून घेतो. एकदा नोंदणी झाली, की व्यवस्थेची योजना बदलण्यासाठी कलम 50अ खाली धर्मादाय आयुक्तांकडे जावे लागते, विश्वस्तांना म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते आणि पुढच्या तारखांची वाट पाहावी लागते. कोऱ्या मसुद्यावर मात्र हे एका संध्याकाळी बसून पूर्ण करता येते.